शेवटच्या पार्सेकचा तिढा

दिवाळीच्या रात्री फटाक्यांचा धूर विरला, की मी रोहण्यातल्या आमच्या गच्चीवर जातो. उत्तरेकडे, माथ्याच्या जरा खाली, एक पुसट ठिपका दिसतो. ती देवयानी दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षे दूर. तिच्या गाभ्यात सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे; आपल्या आकाशगंगेच्या गाभ्यात सुमारे ४३ लाख पट. या दोन दीर्घिका आदळतीलच, असे आता कोणी छातीठोकपणे सांगत नाही. पण आदळल्याच, तर त्या दोन कृष्णविवरांचे काय होईल?

हा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडला १९८० साली बेगेलमन, ब्लँडफोर्ड आणि रीस यांनी. पहिल्या टप्प्याचे गणित मात्र चंद्रशेखरांनी १९४३ मध्येच करून ठेवले होते. जड वस्तू ताऱ्यांच्या गर्दीतून जाते तेव्हा तिच्या मागे ताऱ्यांची दाटी होते; ती दाटी तिला मागे ओढते, वेग मंदावतो, वस्तू गाभ्याकडे घसरते. अशी जवळ आलेली कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरू लागतात आणि जवळ येणारे तारे गोफणगुंड्यासारखे भिरकावत आणखी आत सरकतात. मग गोफणीत घालायला तारेच उरत नाहीत. अंतर उरते साधारण एक पार्सेक, म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षे. गुरुत्वीय लहरींनी ओढून घ्यायला ते फार. सोयरीक जुळली, पण मुहूर्त निघेना!

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या प्रीती खर्ब आणि धरमवीर लाल यांनी डेव्हिड मेरिट यांच्यासह २०१७ मध्ये एनजीसी ७६७४ या दीर्घिकेत अशी जोडी असावी, असे मांडले. अंतर अवघे ०.३५ पार्सेक. पुढे दुसऱ्या गटाने फेरतपासणी करून त्यावर शंका घेतली. मला हे वावगे वाटत नाही. एवढा बारीक ठिपका एक की दोन, हा वाद व्हायलाच हवा.

दुसरी वाट जुन्नर तालुक्यातल्या खोडदहून जाते. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पल्सार ताऱ्यांचे ठोके मोजतात. त्या कमी कंपनसंख्येवर ऐकतात, म्हणून वाटेतल्या विद्युतभारित वायूने केलेला उशीर नेमका वजा करता येतो. जून २०२३ मध्ये भारतीय आणि युरोपीय गटांनी मिळून २५ पल्सारांच्या नोंदींतून मंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर केले. अमेरिका, चीन आणि ऑस्ट्रेलियातल्या गटांचे निष्कर्षही त्याच वेळी आले. या लहरींचा एक हेलकावा पुरा व्हायला वर्षे लागतात. बहुधा तो विश्वभरच्या कृष्णविवर-जोड्यांचा एकत्र गलका आहे. तसे असेल, तर पुष्कळ जोड्यांना तो शेवटचा पार्सेक ओलांडता येतो. कोणता सूर कुठल्या जोडीचा, हे अजून वेगळे काढता आलेले नाही.