अर्जाचा मायना

नोकरीच्या अर्जावर कोणाचे नाव घालावे, हा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला किरकोळ वाटण्याचा संभव आहे. इतिहास म्हटला की लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. परंतु वणी-दिंडोरीच्या पट्ट्यात कामगारांची संघटना बांधताना जे शेकडो अर्ज आमच्या हातांखालून गेले, त्यांवरून आमचे मत असे झाले आहे की, अर्जाच्या पहिल्या दोन ओळी मजकुराइतक्याच, क्वचित मजकुराहूनही अधिक बोलतात.

‘मायना’ हा शब्द मुळात अरबी. त्याचा मूळ अर्थच ‘अर्थ’ असा आहे. ‘अर्ज’ही अरबीच. १६७० साली याच वणी-दिंडोरीच्या रानात दाऊदखानाच्या फौजेला धूळ चारणाऱ्या शिवछत्रपतींनी पुढे राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि सुमारे १,४०० परकी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी हे दोन शब्द मराठीत ठाण मांडून बसले ते बसलेच.

पेशवाईतील पत्रे उघडून पाहावीत म्हणजे मायन्याची उतरंड दिसते. वडिलांस ‘तीर्थरूप’, शास्त्र्यांस ‘वेदशास्त्रसंपन्न’, कारभाऱ्यांस ‘राजमान्य राजेश्री’, मोठ्या सरदारांस त्याच्याही आधी ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’. नाव वाचण्यापूर्वीच माणसाची पायरी कळे. गावकुसाबाहेरच्या माणसाला या उतरंडीत जागा कुठली? महाराच्या वाट्याला आला होता तो जोहार. आणि तोही तोंडी, अंतरावरून, मान लववून.

त्याच माणसांनी पुढे एक नोकरीचा अर्ज केला. त्याची हकीकत आपल्याकडे व्हावी तितकी झालेली नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. कोरेगावच्या जयस्तंभावर त्यांच्यापैकी २२ जणांची नावे कोरलेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मात्र सरकारने ‘लढाऊ जाती’ नावाचे शास्त्र काढले आणि महारांची भरती बंद केली. ज्यांच्या बापांनी पेन्शन घेतले, त्या मुलांना पलटणीचे दार बंद झाले. पलटण म्हणजे नुसता पगार नव्हे. लिहिणेवाचणे, अंगावर गणवेश आणि गावच्या चाकरीतून सुटका, एवढे सगळे त्या एका दारातून येत असे.

पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवडला ५१ गावांतील महारांची सभा भरविली. तेथून दीड हजारांवर सह्यांचा अर्ज मुंबई सरकारकडे गेला. मागणी साधी होती : सैन्यात, पोलिसांत व सरकारी नोकऱ्यांत आम्हांस घ्यावे. सरकारने दाद दिली नाही. कांबळे स्वस्थ बसले नाहीत. १९०८ साली त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र काढले आणि १९१० साली दुसरा अर्ज तयार केला. या वेळी मायन्यात मुंबई सरकार नव्हते. अर्ज लंडनला, भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्या नावे होता.

आमच्या मते या प्रकरणातली खरी शहाणपणाची गोष्ट हीच. १८९५ साली मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांच्या स्वतंत्र फौजा मोडून सगळी फौज एका सरसेनापतीखाली आली होती. पलटणीत कोणास घ्यावे, हे मुंबईच्या कचेरीच्या हातचे उरले नव्हते. ज्याच्या हाती दाराची किल्ली नाही, त्याच्या पायऱ्या झिजवून काय उपयोग? अर्थात भारतमंत्र्यांनीही लगेच दार उघडले असे नाही. १९१७ साली भरती पुन्हा सुरू झाली ती महायुद्धाला माणसे कमी पडू लागली म्हणून. १११वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध सरताच १९२१ साली मोडलीही गेली. कायमची महार रेजिमेंट बेळगावात उभी राहण्यास १ ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला. अर्ज करणाऱ्यांतले कितीतरी तोवर म्हातारे झाले असतील.

आता आपल्या गावाकडे येऊ. ‘मेहेरबान साहेब’ आणि ‘आपला आज्ञाधारक सेवक’ हे जवळजवळ गेले. ‘महोदय’ आणि ‘आपला विश्वासू’ आले. हे चांगलेच झाले. (खुर्चीवर बाई असली तरी ‘महोदय’ लिहिणारे अजून पुष्कळ आहेत, ‘महोदया’ लिहिण्यास शाई जास्त लागत नाही.) पण कोणाच्या नावे, हा सासवडचा प्रश्न तसाच उभा आहे. कारखान्यात कामाला लागणारा मुलगा आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतो तेव्हा ठेकेदाराचा मुकादम त्याला सांगून पाठवितो, ‘वर आमचे नाव घाल.’ मुलाला त्यात काही वाटत नाही. चार-पाच वर्षांनी कामावरून कमी केल्यावर, तू कंपनीचा कामगार की ठेकेदाराचा, असा वाद कोर्टात उभा राहतो आणि समोरचा वकील तोच कागद पुढे करतो. तेवढ्या एका ओळीवर निकाल लागत नाही हे खरे, परंतु ती खोडून काढताना आमचे केस पांढरे झाले आहेत.

म्हणून आम्ही मुलांना सांगतो, की काम कंपनीचे असेल तर मायन्यात कंपनीचाच अधिकारी असू द्या. अधिकाऱ्याचे नाव ठाऊक असल्यास शुद्ध लिहा, पण हुद्दा विसरू नका, कारण माणूस बदलून जातो आणि हुद्दा राहतो. खाली कारखान्याचे पूर्ण नाव, गाव, तारीख. मग विषय, आणि जाहिरात निघाली असेल तर तिचा क्रमांक. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवकेचा शिक्का घेतल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नये.