सामना मागावा तो वरचढाशी
(मुंबईच्या मैदानावरील आव्हानांचा इतिहास)

मैदानावरील विजयाच्या कथा सर्वांच्या तोंडी असतात. परंतु त्या विजयाच्या कितीतरी आधी कोणीतरी एक सामना मुद्दाम मागून घेतलेला असतो, त्याची आठवण फारशी कोणी ठेवीत नाही. आपल्याहून दुबळा प्रतिस्पर्धी निवडला तर करंडक लवकर मिळतो; बलाढ्य प्रतिस्पर्धी निवडला तर आधी पराभव मिळतो. असे असूनही काही समाजांनी आणि काही शाळा-कॉलेजांनी दुसरा मार्ग पत्करला. त्यांना त्यातून काय मिळाले, हे आमच्या महाड-पोलादपूरच्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी पाहण्यासारखे आहे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या घरातील कितीतरी माणसे ज्या मुंबईत नोकरी-धंद्यासाठी गेली, त्याच मुंबईच्या मैदानावर हा इतिहास घडला आहे.

हिंदुस्थानात क्रिकेट आणले ते इंग्रजांनी. ते आपापसांत खेळत आणि एतद्देशीय लोक कडेला उभे राहून पाहत. या पाहणाऱ्यांपैकी पारशी तरुणांनी प्रथम बॅट हाती घेतली. १८४८ साली त्यांनी मुंबईत ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला. पुढे अनेक क्लब निघाले आणि पारशी संघ एकमेकांशी खेळू लागले. तेवढ्यावर समाधान मानले असते तर प्रत्येक वर्षी कोणता ना कोणता पारशी क्लब विजयी झालाच असता! परंतु त्यांनी इंग्रजांच्या बॉम्बे जिमखान्याकडे सामना मागितला. ही संस्था १८७५ सालची. तिच्याशी पारशांचा पहिला सामना १८७७ साली झाला.

हा मार्ग सरळ नव्हता. ज्या मैदानावर पारशी तरुण खेळत, त्याच मैदानावर गोरे साहेब घोड्यांवरून पोलो खेळत आणि खेळपट्टीची दुर्दशा करीत. त्याविरुद्ध पारशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले व त्यासाठी कित्येक वर्षे झगडा दिला. मैदानावर प्रतिस्पर्धी आणि कचेरीतही प्रतिस्पर्धी, अशी ती दुहेरी झुंज होती.

१८८६ साली पारशांनी याहून धाडसाचे पाऊल उचलले. त्यांचा संघ आगबोटीने थेट विलायतेस गेला. तेथे ते २८ सामने खेळले. त्यांपैकी १९ हरले, ८ अनिर्णित राहिले आणि जिंकला तो केवळ एक! असा निकाल घेऊन एखादा संघ आपल्या गावी परतला तर आपण त्याचे कसे स्वागत करू, हा विचार प्रत्येकाने मनाशी करून पाहावा. पारशी समाजाने मात्र दोनच वर्षांनी, १८८८ साली, पुन्हा संघ पाठविला. या खेपेस ३१ सामन्यांपैकी ८ जिंकले, ११ हरले व १२ अनिर्णित राहिले. डॉ. मेहल्लाशा पावरी या जलद गोलंदाजाने त्या एका दौऱ्यात १७० बळी घेतले. पुढे जानेवारी १८९० मध्ये व्हर्नन यांचा इंग्लिश संघ मुंबईस आला, तेव्हा पारशांनी त्याला चार गड्यांनी हरविले. हिंदुस्थानच्या त्या दौऱ्यात व्हर्नन यांच्या संघाचा तेवढा एकच पराभव झाला. १८८६ च्या त्या एकोणीस पराभवांतच या विजयाचे मूळ शोधावे लागते. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने दरवर्षी होऊ लागले.

पारशांनी उघडलेल्या दारातून मग इतर समाज आत आले. समुद्र हटवून भराव घातलेल्या केनेडी सी-फेसवर प्रथम पारशी जिमखान्याला, आणि लॉर्ड हॅरिस गव्हर्नर असताना, म्हणजे १८९० ते १८९५ च्या काळात, मुसलमान व हिंदू जिमखान्यांना जागा मिळाल्या. आज मरीन ड्राइव्हवरून जाताना हे तिन्ही जिमखाने शेजारी शेजारी दिसतात. खेळाडूला प्रतिस्पर्धी हवा हे खरे. पण त्याआधी त्याला पाय रोवायला जमीन हवी. आमच्या महाडकरांना हे निराळे सांगावयास नको. १९२७ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली होती. जागा देणाऱ्याचे नाव इतिहासात लहान अक्षरांत लिहिले जाते. पण त्याच्यावाचून पुढचे काही घडत नाही.

हिंदू संघाच्या उदयाची कथा बाळू पालवणकर यांच्यावाचून सांगता येणार नाही. चर्मकार समाजातील हा मुलगा पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्या-लोटण्याचे काम करी. पगार महिना तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना जिमखान्यात तो चार रुपयांवर लागला. तेथे ग्रेग नावाच्या निष्णात इंग्रज फलंदाजाला सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम त्याच्याकडे आले. तासन् तास, रोजच्या रोज, उत्तम फलंदाजापुढे गोलंदाजी करावयाची. स्वतःला फलंदाजी मिळण्याची आशा नाही. पण त्या कष्टातून त्याच्या डावखुऱ्या फिरकीला जी धार आली, ती दुबळ्या फलंदाजांपुढे कधीच आली नसती. पुण्याच्या हिंदू क्लबाला जेव्हा युरोपियनांना हरवावेसे वाटले, तेव्हा त्यांना या "अस्पृश्य" गोलंदाजाची आठवण झाली! मैदानावर चेंडू त्याच्या हाताचा चालत असे. चहाच्या वेळी मात्र त्याला तंबूबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यातून चहा मिळे. चवदार तळ्याच्या गावात राहणाऱ्या वाचकाला या मातीच्या भांड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. तरुणपणी आंबेडकरांना बाळूंविषयी विलक्षण अभिमान वाटे, यात नवल नाही.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस आले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांशी सामना खेळला. हिंदूंच्या धावा २४२ व १६०. युरोपियनांच्या १९१ व १०२. हिंदू १०९ धावांनी विजयी झाले. दुसऱ्याच वर्षी, १९०७ साली, युरोपियन, पारशी व हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ विलायतेस गेला. २३ सामन्यांपैकी संघाने ६ जिंकले व १५ गमावले. पण बाळूंनी एकट्याने ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. ते मिळाले धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली, आणि त्या वर्षी हिंदू संघ विजयी झाला. समोरच्या संघाशी बरोबरी करण्यापेक्षा आपल्याच संघात बरोबरीचे स्थान मिळविणे कधी कधी अधिक कठीण असते, हा धडाही या इतिहासात आहे.

त्याच १९११ च्या संघात सय्यद हसन, शफकत हुसेन व सलामुद्दीन हे अलीगढचे खेळाडू होते. सर सय्यद अहमद खान यांनी स्थापन केलेल्या अलीगढच्या कॉलेजात क्रिकेट क्लब १८७८ पासून होता, आणि प्राचार्य थिओडोर बेक यांच्या काळात खेळाला तेथे अभ्यासाच्या जोडीने मान मिळाला. कॉलेजच्या भिंतीआड आपापसांत खेळून थांबावे असे तेथील मुलांना वाटले नाही. ते बाहेरच्या संघांशी, साहेबांच्या संघांशीही खेळले. ज्या विद्यालयाने मुलांना बाहेरच्या परीक्षांना बसविले, त्यानेच त्यांना बाहेरच्या मैदानावरही उतरविले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१९१२ साली मुस्लिम संघाला मुंबईच्या स्पर्धेत प्रवेश मिळाला आणि तिरंगी स्पर्धा चौरंगी झाली. आता प्रतिस्पर्धी कोण? विलायतेतील पब्लिक स्कूलांत तयार झालेले युरोपियन, दोन पिढ्यांचा अनुभव असलेले पारशी आणि बाळूंच्या घराण्याने बळकट केलेले हिंदू. या तिघांपुढे नव्या संघाला पहिले विजेतेपद मिळण्यास १९२४ साल उजाडावे लागले. म्हणजे तब्बल बारा वर्षे! पहिलीत घातलेला मुलगा मॅट्रिकच्या वर्गाबाहेर पडावा एवढा हा काळ. पण पाया पक्का झाला होता. १९३४ ते १९४४ या काळात मुस्लिम संघाने सहा वेळा स्पर्धा जिंकली. १९३२ साली भारताने लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळली, तेव्हा पहिल्याच डावात पाच बळी घेणारा मोहंमद निसार हा याच स्पर्धेत चमकलेला जलद गोलंदाज होता. १९४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध के. सी. इब्राहिम यांनी नाबाद १३७ धावा काढल्या व मुस्लिम संघ अवघ्या एका गड्याने जिंकला. हेच इब्राहिम पुढे १९४८-४९ मध्ये भारतातर्फे चार कसोटी सामने खेळले.

फुटबॉलच्या मैदानावरही हेच घडलेले दिसते. कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग क्लब १८९१ सालचा. पण कित्येक वर्षे तो खालच्या गटातच होता. वरच्या गटात गोऱ्या पलटणींचे दमदार संघ असत. १९३४ साली हा क्लब वरच्या गटात आला आणि पहिल्याच वर्षी त्याने लीग जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे ही लीग त्याच्याकडे राहिली. घरच्या मैदानावर आता कोणी तुल्यबळ उरले नाही असे म्हणून तो स्वस्थ बसला नाही. १९४० साली मुंबईस येऊन त्याने रोव्हर्स चषक जिंकला, आणि त्याच वर्षी दिल्लीत वॉरविकशायर पलटणीच्या संघाला २-१ असे नमवून ड्युरँड चषकही मिळविला. ड्युरँड जिंकणारा हा पहिला भारतीय संघ होय.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मुंबईची ही स्पर्धा धर्मावर आणि जातीवर आधारलेली होती. १९३७ साली ख्रिस्ती वगैरे इतरांचा संघ येऊन ती पंचरंगी झाली, तेव्हाच तिच्यावर टीका होत होती. १९४० मध्ये महात्मा गांधींनीही तिला विरोध केला. १९४६ मध्ये ती बंद झाली, आणि ते योग्यच झाले. १९३४ पासून सुरू असलेल्या रणजी स्पर्धेने प्रांताप्रांतांचे संघ उभे केले होते. तेथे हिंदू, मुसलमान, पारशी एकाच बाजूने खेळत. बलाढ्याशी झुंज मागावी ती स्वतःला घडविण्यासाठी. समोरच्याचा द्वेष करण्यासाठी नव्हे. कालचा प्रतिस्पर्धी उद्या आपल्याच संघात येऊ शकतो. आपल्या कोकणातील उदाहरण घ्यावयाचे तर चिपळूणजवळच्या कालुस्ते गावी जन्मलेले गुलाम परकार मुंबईतर्फे रणजी स्पर्धेत खेळले आणि १९८२ साली लॉर्ड्सवर भारताच्या कसोटी संघात उतरले. कालुस्त्याहून लॉर्ड्सला जाण्याचा रस्ता मुंबईच्या कठीण मैदानांवरून गेला.

विद्यार्थी मित्रहो, सावित्रीच्या काठी राहणाऱ्या आपणा सर्वांना एक सवय जडलेली आहे. शेजारच्या गावाच्या संघाला हरविले की आपण ढोल वाजवितो. वाजवावेत, विजयाचा आनंद कोणाला नको असतो? पण शालेय क्रीडा स्पर्धांना तालुक्यानंतर जिल्हा आहे, विभाग आहे, राज्य आहे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला आपल्या वर्गाबाहेरची हजारो मुले बसतात. वर्गात पहिला आलेला मुलगा जिल्ह्याच्या परीक्षेत पन्नासावा आला तर तो खाली गेला नाही. त्याला आपली खरी जागा कळली आणि चढण्याची पायरी दिसली. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. त्यांना सामना मागण्याची संधीच उशिरा मिळते. मग पराभवाच्या भीतीने तीही हिरावून घेणे हा मोठा अन्याय होईल.

पालकांनो आणि संस्थाचालकांनो, पारशांचा संघ विलायतेस गेला तेव्हा आगबोटीचे भाडे कोणीतरी दिले होते आणि एकोणीस पराभव कोणीतरी सोसले होते. पुढील वर्षीच्या सामन्यांची यादी तयार होईल तेव्हा तिच्यात एक तरी नाव असे असावे की जे वाचून मुले जरा दचकतील. अलिबाग-पनवेलच्या एखाद्या तगड्या शाळेस पत्र लिहावे, मुलांच्या गाडीभाड्याची सोय करावी, आणि मुले हरून परतली तर रात्री त्यांच्यासाठी जेवण गरम ठेवावे. दुसऱ्या दिवशी त्याच शाळेला पुढील वर्षाच्या सामन्यासाठी पुन्हा पत्र धाडावे.