अग्रशाळा ते पर्यटक निवास : गोमंतकातील अतिथिसेवेचा मागोवा

अंत्रुज महालातील कोणत्याही मोठ्या देवालयाच्या प्राकारात पाऊल टाकले की, दीपस्तंभ, तळी आणि सभामंडप यांच्याबरोबरच दृष्टीस पडते ती देवळाभोवतीची कौलारू छपराची लांबलचक अग्रशाळा. देवळाचे शिखर न्याहाळणारे पुष्कळ. अग्रशाळेपाशी थांबणारा विरळा. तथापि परगावाहून आलेल्या माणसाच्या निवासाची आणि भोजनाची व्यवस्था गोमंतकात नेमाने कोणी केली, असा प्रश्न विचारल्यास त्याच्या उत्तराचा बराचसा भाग या साध्या खोल्यांतच सापडतो.

‘पर्यटन’ हा शब्द आता शासनाच्या अंदाजपत्रकापासून गावच्या चहाच्या दुकानापर्यंत सर्वत्र रुळला आहे. हा उद्योग तीन हातांनी उचलला जातो. शासन रस्ते, पाणी, कायदा आणि सुरक्षितता पाहते. खाजगी व्यावसायिक भांडवल घालून निवास, भोजन व वाहन पुरवितो. तिसरा हात लोकांनी आपखुशीने चालविलेल्या संस्थांचा. तो वारसा जपतो, उत्सव चालवितो आणि प्रसंगी पहिल्या दोघांना जाबही विचारतो. या तिघांत वयाने वडील कोण, याचा विचार देवस्थानच्या महाजनांनी करणे अगत्याचे आहे. कारण ते वडीलपण त्यांच्याच पूर्वजांकडे जाते.

स्थलांतरातून उभी राहिलेली व्यवस्था

१५१० साली पोर्तुगीजांनी तिसवाडी जिंकली व १५४३ पर्यंत बारदेश आणि साष्टी हे महालही त्यांच्या अमलाखाली गेले. पुढील दोन-तीन दशकांत या तिन्ही महालांतील देवालये पाडण्यात आली. भाविकांनी आपली दैवते नदीपार, आदिलशाही मुलखात नेली. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० साली प्रियोळास आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची महालसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदोड्यास आणि रायची कामाक्षी शिरोड्यास स्थिरावली. चोडणचा देवकीकृष्ण माशेलास, तर दिवाडीचा सप्तकोटीश्वर डिचोली महालातील नार्व्यास गेला.

देव एकीकडे व घरदार दुसरीकडे, अशी स्थिती असंख्य कुटुंबांची झाली. काहींनी तर गोवाच सोडला आणि कारवार, कुमठे, मंगळूर व कोचीनपर्यंतची वाट धरली. पुढे मुंबईनेही शेकडो कुटुंबांना आपल्याकडे ओढून घेतले. परंतु कुलदेवतेचे नाते सुटले नाही. लग्नकार्य झाले, नवस फिटला, मूल झाले की कुळावी दोन-चार दिवसांचा प्रवास करून देवाच्या पायांशी येत. ज्या गावात देव नवखा, त्या गावात त्यांचे स्वतःचे घर कोठून असणार? अग्रशाळा निर्माण झाली ती या निकडीतून. कोणा कुटुंबाने एक खोली बांधून दिली, कोणी विहीर खोदविली, कोणी भांडी दिली, तर कोणी फंड ठेवला. भिंतींतील देणगीदारांच्या शिळा हा सारा इतिहास आजही मूकपणे सांगतात.

राजाश्रयाचा वाटाही येथे नोंदविला पाहिजे. नार्व्याच्या सप्तकोटीश्वराचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झाला. कवळ्याचे आजचे मंदिर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिले, त्यामागे शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांचा पुढाकार होता. राजसत्तेने दिले, धनिकांनी बांधले व महाजनांनी चालविले. तीन हातांची ही विभागणी ‘पर्यटन’ हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची होय.

महाजनी आणि हिशेबाची शिस्त

१७६३ च्या सुमारास फोंडे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. तोपर्यंत त्यांच्या धर्मविषयक धोरणाची धार बोथट झाली होती आणि नव्या काबिजादीतील देवालयांना धक्का लागला नाही. मात्र एकोणिसाव्या शतकात सरकारची नजर देवस्थानच्या कारभाराकडे वळली. १८८६ साली महाजनींसाठी नियमावली झाली, १९३३ साली तिची जागा नव्या नियमावलीने घेतली, आणि ती गोवामुक्तीनंतरही अमलात राहिली. महाजनांची यादी, ठराविक मुदतीची निवडलेली समिती, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार व मुखत्यार हे पदाधिकारी, वार्षिक अंदाजपत्रक आणि त्यावर महालाच्या प्रशासकाची देखरेख अशी तिची चौकट होती. आज ती देखरेख मामलेदाराकडे आहे.

परकी सरकारचा हा हस्तक्षेप अनेकांना जाचक वाटला व तसे वाटण्यास कारणेही होती. परंतु त्यामुळे लोकसंस्थेच्या अंगी एक शिस्त बाणली. समई किती तेल पिते आणि अग्रशाळेचे छप्पर शाकारण्यास काय खर्च येतो, याची नोंद वहीत होऊ लागली. अतिथिसेवा हा भावनेचा विषय खरा. पण ती शतकानुशतके चालवायची, तर तिला हिशेब लागतो.

या गौरवाला एक दुसरी बाजू आहे, ती झाकून ठेवणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. अग्रशाळेचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. ती मुख्यतः कुळाव्यांची होती आणि जातिभेदाची रेषा तिच्या उंबरठ्यावर स्पष्ट होती. ज्यांच्या श्रमावर उत्सव उभा राही, त्यांतील अनेकांना प्राकाराच्या बाहेरच थांबावे लागे. आतिथ्याची ही परंपरा मोठी होती, तशीच ती अपुरीही होती.

शासनाचा हात

यात्रेकरूची पावले वाढली ती वाहतुकीच्या साधनांनी. १८८० च्या दशकात मुरगाव बंदर आणि तेथून घाटावर जाणारी रेल्वे झाली. मुंबई-पणजी आगबोटीने मुंबईच्या कुळाव्यांना देव जवळ आला. १९५२ साली संत फ्रान्सिस झेवियरच्या चारशेव्या पुण्यतिथीनिमित्त शवप्रदर्शन झाले, त्या सुमारास पणजीत मांडवीच्या काठी हॉटेल मांडवी उघडले. आधुनिक गोव्यातील या पहिल्या मोठ्या हॉटेलच्या उभारणीस निमित्त झाले तेही यात्रेचेच, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१९५५ च्या सत्याग्रहानंतर भारत-गोवा सीमा बंद झाली. रेल्वे थांबली, आगबोट थांबली. मुक्तीपर्यंत, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, मुंबईच्या व कारवारच्या कुळाव्यांना देवदर्शन अत्यंत दुर्घट झाले. त्या वर्षांत देवालयांतील नित्यपूजा व उत्सव चालू ठेवण्याची जबाबदारी प्रामुख्याने स्थानिक महाजन, पुरोहित आणि सेवेकरी यांच्यावर पडली. वाट मोकळी असेल तरच अतिथी येतो, आणि वाट मोकळी ठेवणे हे राज्याचे काम आहे, हा धडा त्या सहा वर्षांनी दिला.

मुक्तीनंतर हे काम वेगाने झाले. १९८० साली कदंब परिवहन महामंडळ निघाले व गोव्याच्या जुन्या राजवंशाचे नाव गावोगावच्या बसगाड्यांवर झळकले. १९८२ साली गोवा पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच वर्षी पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदाही झाला. फर्मागुडीच्या टेकडीवर, देवालयांच्या ऐन परिसरात, महामंडळाचे पर्यटक निवास उभे राहिले. जुन्या गोव्याची ख्रिस्तमंदिरे १९८६ साली जागतिक वारसा ठरली. तांबडी सुर्ल्याच्या कदंबकालीन महादेव मंदिराची निगा केंद्रीय पुरातत्त्व खाते राखते, तर नार्व्याच्या सप्तकोटीश्वर मंदिराचे जतनकार्य राज्याच्या पुराभिलेख व पुरातत्त्व खात्याने हाती घेऊन ते मंदिर २०२३ साली भाविकांना पुन्हा खुले केले. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. दाबोळीच्या जोडीला मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले.

खाजगी व्यवसाय आणि लोकांचा जाब

खाजगी भांडवलाची पावले प्रथम किनाऱ्याकडे वळली. १९७४ साली आग्वाद किल्ल्याजवळ ताज समूहाचे विश्रामस्थान सुरू झाले. १९८३ साली राष्ट्रकुलातील राष्ट्रप्रमुखांचा मुक्काम गोव्यात झाला आणि या भूमीचे नाव जगभर गेले. पुढे परदेशी पर्यटकांना घेऊन खास विमाने येऊ लागली. मोठ्या हॉटेलांच्या बरोबरीने घरातील एखादी खोली भाड्याने देणारे कुटुंब, किनाऱ्यावरचा शॅकवाला, टॅक्सीवाला व मोटारसायकल-पायलट अशी लहान माणसेही या व्यवसायात आली. अंत्रुजात तर एक वेगळाच प्रयोग झाला. सावईवेरें, केरी, कुर्टी या गावांतील पोफळी, मिरी आणि जायफळाची कुळागरे मसाल्याच्या बागा म्हणून पाहुण्यांना खुली झाली. पाटाच्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या राखलेली बाग पाहुणचाराच्या उत्पन्नावर टिकते, यात कमीपणा काहीच नाही.

परंतु पाहुणे वाढले तसा यजमानावर भारही वाढला. विहिरी, वाळूच्या टेकड्या, मासेमारीच्या जागा आणि गावची शांतता यांवर ताण पडला. त्या वेळी प्रश्न विचारला तो लोकसंस्थांनी. १९८६ साली गोवा फाउंडेशन स्थापन झाले व पर्यावरणाचे प्रश्न न्यायालयात नेऊ लागले. ‘जागृत गोंयकारांची फौज’ पंचतारांकित पर्यटनाविरुद्ध रस्त्यावर उतरली. १९९१ साली केंद्र सरकारने किनारपट्टीच्या नियमनाची अधिसूचना काढल्यावर अशा संस्थांच्या हाती कायद्याचे शस्त्र आले. या संस्थांना उद्योगाचे शत्रू म्हणणे सोपे आहे. वास्तविक, ज्या किनाऱ्यासाठी पाहुणा येतो तो किनारा शिल्लक ठेवणे, हीसुद्धा उद्योगाची सेवाच नव्हे काय?

तिन्ही हात एकत्र आले, तेव्हा कामे चांगली झाली. किनाऱ्यांवर बुडून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण चिंताजनक झाले, तेव्हा २००८ साली शासनाने खर्च उचलून जीवरक्षकांचे काम एका खाजगी संस्थेकडे सोपविले. शहरांतून निघणाऱ्या शिगमोत्सवाच्या मिरवणुकीत पैसा पर्यटन खात्याचा, व्यवस्था स्थानिक समित्यांची आणि ढोल-ताशे गावोगावच्या पथकांचे असतात.

देवळाच्या दारी पर्यटक

आज राज्यात वर्षाकाठी येणाऱ्या पर्यटकांची संख्या सुमारे एक कोटीच्या घरात गेली आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या होती सुमारे १४ लाख ५८ हजार. किनारा पाहून झालेली माणसे आता अंतर्भागाकडे वळत आहेत आणि शासनही ‘एकादश तीर्थ’सारख्या योजनांतून त्यांना मंदिरांची वाट दाखवीत आहे. माशेलचा चिखलकाला हा आषाढी एकादशीच्या अखंड भजनानंतर देवकीकृष्णाच्या प्रांगणात होणारा गावचा खेळ. गेल्या काही वर्षांत पर्यटन खाते त्याच्या प्रसिद्धीस व आयोजनास हातभार लावीत आहे.

येथेच महाजनांपुढील खरा प्रश्न उभा राहतो. कुळावी येतो तो नात्याने. तो दोन दिवस राहतो, अभिषेक करतो आणि पावती फाडतो. पर्यटक येतो तो अर्ध्या तासासाठी; बस बाहेर उभी असते. त्याने टाकलेला कागद कोण उचलतो, त्याने वापरलेले पाणी कोण भरतो आणि गर्भगृहासमोर छायाचित्र काढू नये हे त्याला कोण समजावतो? बहुतेक ठिकाणी हे सारे देवस्थानचे सेवेकरीच करतात. त्या पर्यटकाचे निवासाचे भाडे मात्र हॉटेलला मिळते आणि कर सरकारला. भार एकाकडे व प्राप्ती दुसरीकडे ही व्यवस्था फार काळ टिकणारी नव्हे. वेषासंबंधीचे नियम काही देवस्थानांनी केले ते योग्यच. पण केवळ फलक लावल्याने यजमानधर्म पुरा होत नाही.

गर्दीचा प्रश्न तर जिवाशी गाठ घालणारा आहे. मे २०२५ मध्ये शिरगावच्या श्रीलईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांना प्राण गमवावे लागले. त्या दुःखातून घ्यावयाचा बोध कोणा एकाला दोष देण्याचा नाही. वाट किती रुंद, माणसे किती येणार, पोलीस कोठे, स्वयंसेवक कोठे आणि रुग्णवाहिकेचा रस्ता कोणता, हे देवस्थान समिती, शासन आणि दुकाने थाटणारे व्यापारी यांनी जत्रेपूर्वी एकत्र बसून ठरविले पाहिजे, हा तो बोध. पूर्वी आमंत्रित कुळाव्यांची संख्या महाजनांना तोंडपाठ असे. आजच्या अतिथीची संख्या कोणालाच ठाऊक नसते. म्हणून पूर्वतयारीची गरज शतपटीने वाढली आहे.

शासनाजवळ अधिकार आहे, व्यावसायिकाजवळ भांडवल आहे. महाजन संस्थेजवळ या दोघांकडे नसलेली गोष्ट आहे. ती म्हणजे एकाच जागी, एकाच कामासाठी, पिढ्यान् पिढ्या वाहिलेली जबाबदारी. मंत्री बदलतात, हॉटेले विकली जातात. देवाचे ठिकाण हलत नाही, आणि हलले तरी महाजन त्याच्या पाठोपाठ जातात, हे सोळाव्या शतकाने दाखविले आहे. म्हणूनच मंदिरपर्यटनाच्या प्रत्येक योजनेत महाजनांना सल्ल्याचा हक्क असावा व उत्पन्नातील काही वाटा स्वच्छता, पाणी आणि सेवेकऱ्यांच्या वेतनासाठी देवस्थानच्या परिसरात परत यावा, ही मागणी अवाजवी नाही. मात्र हक्क मागणाऱ्याने आपली वहीही उघडी ठेवावी, आणि एके काळी उंबरठ्यावर ओढलेली रेषा पुसून दार सर्वांना सारख्याच आदराने उघडावे.

अग्रशाळा बांधणाऱ्यांना आपल्या खोलीत कोण निजणार हे ठाऊक नव्हते. जो कोणी दूरवरून थकून येईल त्याला पाठ टेकायला जागा असावी, एवढाच त्यांचा संकल्प. तो संकल्प पुढे नेण्याचे बळ श्रींनी नव्या पिढीच्या महाजनांना द्यावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.