दवाखान्याचं कलम कुठून आलं?

नेहमीसारखा हा आपल्या एपिसोडचा लेखी मजकूर. आज लैंगिक अत्याचाराबद्दल बोलणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मी मुकुटबनची. लहानपणी साधा ताप आला तरी आई मला दवाखान्यात एकटी पाठवायची नाही. डॉक्टरसाहेबांनी पडदा ओढला की तीही पडद्याच्या आत. "काहून?" विचारलं की उत्तर नाही. आईला जे ठाऊक होतं ते आपल्या कायद्याला 1983 साली कळलं, आणि तेही विदर्भातल्याच एका पोलीस ठाण्यामुळे.

26 मार्च 1972. देसाईगंज, म्हणजे वडसा. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आता गडचिरोलीत. भावाच्या तक्रारीवरून एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीला रात्री ठाण्यात आणलं. बाकीच्यांना बाहेर पाठवलं, तिला आत ठेवून घेतलं. आरोपी दोन पोलीस. हेच ते मथुरा प्रकरण. 1974 मध्ये सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं: तिची संमती होती म्हणे. नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. भीतीनं हतबल होणं म्हणजे संमती नव्हे, असं त्यांचं म्हणणं. 1978 मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही!

1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. 1980 मध्ये बाया रस्त्यावर आल्या. 1983 मध्ये कायदा बदलला.

हा भाग बऱ्याच जणांना माहीत असतो. पण बदल फक्त पोलिसांपुरता नव्हता. ज्याच्या ताब्यात बाई असते अशा जागांमध्ये ठाणं, तुरुंग यांच्यासोबत दवाखानाही धरला गेला. दवाखान्यातल्या माणसानं पदाचा गैरफायदा घेऊन तिथल्या बाईवर बलात्कार केला तर किमान 10 वर्षं. आणि बलात्कार ठरत नसला, तरी पदाचा फायदा घेऊन संबंध ठेवले तर 376-ड, 5 वर्षांपर्यंत. म्हणजे "ती हो म्हणाली होती" एवढ्यावर सुटका नाही.

पुरावा कायद्यात 114-अ आलं. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाले आणि बाईनं कोर्टात सांगितलं की संमती नव्हती, तर कोर्टानं "नव्हती" असंच धरून चालायचं. आमच्या भाषेत, डिफॉल्ट व्हॅल्यूच बदलली. कोडमध्ये एक ओळ. इथे त्यासाठी अकरा वर्षं गेली. 2013 मध्ये पदाचा फायदा घेण्याची शिक्षा 5 ते 10 वर्षं झाली. आता हेच भारतीय न्याय संहितेच्या कलम 68 मध्ये आहे.

हे झालं कोर्टाचं. डॉक्टरचं रजिस्ट्रेशन मात्र कोर्ट नाही, कौन्सिल काढतं. त्यांचे 2002 चे नियम वाचले तर 7.4 मध्ये पेशंटशी गैरवर्तन येतं, पण शीर्षकात पहिला शब्द "व्यभिचार". मला हा शब्द खटकतो. व्यभिचाराला दोघं लागतात, दोघं राजीखुशीनं. पेशंट कुठून राजी? ती तर गोळी घ्यायला आली होती. व्यभिचाराचं फौजदारी कलम सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये रद्द केलं, तरी हा शब्द नियमात तसाच राहिला.

त्यात एक गोष्ट गावाकडे फार महत्त्वाची. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल ॲलोपॅथीवाल्यांचं. बीएएमएस असेल तर वेगळी परिषद, होमिओपॅथीची आणखी वेगळी. बोगस डॉक्टर असेल तर कौन्सिल काय काढून घेणार? त्याच्याकडे काही नाहीच. तेव्हा तक्रारीआधी बोर्डावरची पदवी आणि रजिस्ट्रेशन नंबर बघा, फोटो काढून ठेवा. पोलिसांत मात्र पदवी कुठलीही असो, थेट जाता येतं, आणि गुन्हा कुठेही घडला असला तरी एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मेडिकल कौन्सिल कुठं आहे?"

"मुंबईत."

"मुंबईला?" ती म्हणाली, आणि मग वणीच्या बसचं बोलायला लागली.