हलक्या गतीची नोंद: 'फ्लिट', मराठी कोश आणि नंदुरबारच्या बोली

इंग्रजीतील 'फ्लिट' हे क्रियापद आज चपळ, हलकी हालचाल दर्शविते: या फांदीवरून त्या फांदीवर जाणारे पाखरू, चेहऱ्यावर उमटून नाहीसे झालेले स्मित. या शब्दाचे मूळ मात्र हलके नाही. ते प्राचीन नॉर्स भाषेतील 'वाहून नेणे, हलविणे' या अर्थाच्या धातूपर्यंत पोचते. स्कॉटलंडमध्ये व उत्तर इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ बिऱ्हाड हलविणे असा आहे; भाडे चुकवून रातोरात घर सोडण्यालाही हाच शब्द लावतात. मराठीत तो क्रियापद म्हणून आलाच नाही. 1923 मध्ये बाजारात आलेल्या कीटकनाशकाचे व्यापारी नाव म्हणून तो आला आणि 'फ्लिट मारणे' एवढ्यापुरता उरला.

मूळ क्रियेला मराठीत एकपदी प्रतिशब्द नाही. पाखरू भुर्रकन उडते, मूल तुरुतुरु चालते, मासा सुळकन निसटतो. क्रियापद साधेच राहते. गतीचा पोत अनुकरणवाचक क्रियाविशेषणात असतो. लेनर्ड टाल्मी यांनी 1985 मध्ये गतीचा मार्ग आणि गतीची रीत वाक्याच्या कोणत्या घटकात सामावते, यावरून भाषांमधील भेद दाखविला. इंग्रजी क्रियापद रीत पोटात घेते. मराठी ती क्रियापदाशेजारी ठेवते. अनुकरणवाचक शब्दांची ही समृद्धी आर्य व द्रविड भाषांत समान असल्याचे एमेनो यांनी 1969 मध्येच मांडले होते. तेव्हा हे मराठीचे दारिद्र्य नसून तिची व्यवस्था आहे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांच्या मनावरील कवितेत मनाची चंचलता शब्दांच्या द्विरुक्तीतून साकारते, ती याच व्यवस्थेच्या बळावर.

कोशकारांनी मात्र या व्यवस्थेला सारखा न्याय दिला नाही. मोल्सवर्थच्या कोशात (1831, दुसरी आवृत्ती 1857) बोलण्यातले अनुकरणवाचक शब्द विपुल आहेत. परकीय कोशकाराला ऐकलेला प्रत्येक शब्द नोंदवावासा वाटला, हे त्याचे कारण असावे. उलट, वि. का. राजवाडे यांच्या मृत्यूनंतर 1937 मध्ये प्रसिद्ध झालेल्या धातुकोशाची दृष्टी व्युत्पत्तीची होती. मराठी धातू संस्कृत मुळाशी जोडणे हे त्याचे प्रयोजन. ज्या शब्दाचे मूळ ध्वनीतच आहे, तो अशा दृष्टीला नेहमीच अडचणीचा ठरतो.

राजवाड्यांचे अखेरचे कार्यक्षेत्र धुळे. त्याच जिल्ह्याच्या आदिवासीबहुल पश्चिम व उत्तर भागातून 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तेथील मावची, देहवाली, पावरी या बोलींची पहिली व्यापक नोंद ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या भिल्ली भाषांवरील भागात (1907) सापडते. नमुन्यासाठी सर्वत्र एकच मजकूर ठरला होता: बायबलमधील उधळ्या मुलाची कथा. तिच्यात वेगाची क्रिया जवळजवळ एकच आहे, परतणाऱ्या मुलाला पाहून बाप धावतो ती. सोबतच्या ठरीव शब्दयादीतही जाणे, येणे, धावणे अशी साधी क्रियापदेच होती. ज्या भाषांत गतीची रीत क्रियापदाबाहेर राहते, त्यांची क्रियापदेच तेवढी टिपणे म्हणजे चित्राची चौकट घेऊन रंग सोडून देणे होय. पुढे अशा त्रोटक नोंदींवरूनच बोलींना 'अविकसित' ठरविणे सोपे झाले. उणीव साधनाची होती. ती भाषेच्या माथी मारली गेली.

या उणिवेचे परिणाम कोशापुरते राहत नाहीत. नंदुरबार परिसरातील आदिवासी कुटुंबे अनेक दशके दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांसाठी ऊसतोडीला जात आली आहेत. यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकापासून त्यांचा अभ्यास केला. लेकरे, भांडी, कोयते घेऊन निघणे हा 'फ्लिट'चा जुना, भार वाहण्याचाच अर्थ. प्रशासनाची मराठी त्याला 'स्थलांतर' म्हणते. या शब्दात एक स्थळ सुटले आणि दुसरे आले, एवढेच कळते. मार्ग आहे, रीत नाही. माणसे कशी निघाली, रेंगाळत की लगबगीने, मुकाट्याने की गलबला करीत, हे जे शब्द सांगू शकतात, त्यांना ना शब्दयादीत जागा मिळाली ना अहवालात. या बोलींच्या साहित्याची समीक्षा करू पाहणाऱ्याने कोशातील धातूंपाशी न थांबता प्रथम या शब्दांकडे वळले पाहिजे. अन्यथा सर्वेक्षणाने सोडलेली रिकामी जागा समीक्षाही भाषेचे दारिद्र्य म्हणूनच वाचील.