बसून सोडलेला बाण

अंगठा दिल्यावर एकलव्याच्या बाणांना पूर्वीचा वेग उरला नाही, असे महाभारत सांगते. देहाची हानी झाली की धनुष्यही दुरावते, हा संकेत आपल्या मनात मुरला आहे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी तो उलटवला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, तिथे १६ जायबंदी माजी सैनिक, स्त्री-पुरुष, चाकाच्या खुर्चीतून तिरंदाजीच्या स्पर्धेत उतरले. १९५२ साली डच खेळाडू आल्याने स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० साली रोमच्या पहिल्या पॅरालिंपिकमध्येही तिरंदाजी होती. १९८४ साली न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉल लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्येच, उभ्या तिरंदाजांच्या रांगेत बसून खेळल्या. उपचार म्हणून हाती आलेले धनुष्य आता करुणा नव्हे, बरोबरी मागत होते.