एकाच चिपवर एफपीजीए आणि लिनक्स: दोघांचं जमवायचं कसं?

मायक्रोकंट्रोलरवर हात बसला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: एफपीजीए शिकायचं की एम्बेडेड लिनक्स? काही चिप्समध्ये ही दोन्ही एकत्र येतात. आज त्यातल्या झिंक-७००० या चिपबद्दल बोलू. सिद्धांत सांगेनच, पण माझा दोन रात्रींचा घोळही सांगतो. तो वाचून तुमची एक रात्र वाचली तरी पुरे.

दोघांची गरज का पडते?

एका कापणी यंत्राच्या मोटरवर एन्कोडर बसवायचा होता. तो एका फेऱ्यात १०,००० मोजण्या देतो. मोटर मिनिटाला ३,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०. हिशेब करा: सेकंदाला ५ लाख मोजण्या, दर २ मायक्रोसेकंदाला एक.

प्रत्येक मोजणीला लिनक्सला हाक मारायची म्हटली तर तो बिचारा दुसरं काहीच करू शकणार नाही. शिवाय साधा लिनक्स वेळेचा पक्का नाही. नेटवर्कचं काम आलं की तुमचा प्रोग्राम थोडा थांबतो, आणि तेवढ्यात मोजण्या निसटतात.

एफपीजीएत मात्र हा मोजणारा भाग म्हणजे काही फ्लिप-फ्लॉप आणि एक बेरीज करणारं सर्किट. १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर एक ठोका १० नॅनोसेकंदांचा. दोन मोजण्यांच्या मध्ये २०० ठोके मिळतात. आरामात काम होतं.

उलट, एफपीजीएवर वेब पेज दाखवणं किंवा फाइल साठवणं म्हणजे नसती उठाठेव. ते लिनक्सचं काम. म्हणून वेळेचं काम लॉजिककडे आणि व्यवहाराचं काम लिनक्सकडे, अशी वाटणी करायची.

चिपच्या आत काय असतं?

झायलिंक्स कंपनीने झिंक-७००० मालिका २०११ मध्ये जाहीर केली. २०२२ मध्ये ही कंपनी एएमडीने विकत घेतली. चिपचे दोन भाग आहेत:

- पीएस (प्रोसेसर भाग): झेड-७०२० या चिपमध्ये एआरएम कॉर्टेक्स-ए९ चे दोन कोअर, मेमरी कंट्रोलर, यूएसबी, इथरनेट वगैरे. लिनक्स इथे चालतो.
- पीएल (लॉजिक भाग): म्हणजे एफपीजीए. झेड-७०२० मध्ये ५३,२०० लुकअप टेबल, १,०६,४०० फ्लिप-फ्लॉप आणि २२० डीएसपी ब्लॉक मिळतात.

लॉजिक व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएलमध्ये लिहितात. सी येणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते. हा प्रोग्राम ओळीमागून ओळ चालत नाही. तुम्ही सर्किटचं वर्णन लिहिता आणि त्यातले सगळे भाग एकाच वेळी काम करतात. व्हिवाडो हे सॉफ्टवेअर त्या वर्णनातून बिटस्ट्रीम फाइल बनवतं. झेड-७०२० साठी ती सुमारे ४ एमबीची असते.

दोघांमधला पूल: एक्सी

पीएस आणि पीएल एकमेकांशी एक्सी बसवरून बोलतात. लिनक्सच्या बाजूने पाहिलं तर तुमचं लॉजिक म्हणजे मेमरीतले काही पत्ते. पहिल्या जनरल पर्पज पोर्टचे पत्ते हेक्समध्ये ४००००००० पासून सुरू होतात. माझ्या काउंटरला व्हिवाडोने ४३सी००००० हा पत्ता दिला. तिथे मी दोन रजिस्टर ठेवले: पहिलं कंट्रोलचं, आणि ४ बाइट पुढे मोटरची स्थिती सांगणारं. त्या पत्त्यावर वाचलं की स्थिती हातात.

कॅमेऱ्यासारखा भरपूर डेटा असेल तर लॉजिक थेट मुख्य मेमरीत लिहू शकतं. त्यासाठी चार हाय परफॉर्मन्स पोर्ट आहेत. पण ते प्रोसेसरच्या कॅशला विचारत नाहीत, त्यामुळे काळजी घेतली नाही तर लिनक्सला जुनाच डेटा दिसतो.

सुरू होताना काय घडतं?

१. चिपमधला बूट रॉम पहिला लोडर उचलतो.
२. तो लोडर मेमरी आणि क्लॉक जुळवतो, आणि बिटस्ट्रीम सोबत असेल तर ती पीएलमध्ये भरतो.
३. मग यू-बूट येतो.
४. यू-बूट लिनक्स कर्नल आणि डिव्हाइस ट्री मेमरीत आणून ताबा कर्नलकडे देतो.

डिव्हाइस ट्री म्हणजे हार्डवेअरची यादी. संगणकात यूएसबी लावलं की ते स्वतःची ओळख सांगतं, पण तुमचं लॉजिक काही सांगत नाही. त्याचा पत्ता, इंटरप्ट, क्लॉक हे सगळं तुम्हालाच या यादीत लिहावं लागतं.

माझ्या दोन रात्री कुठे गेल्या?

यंत्र दाखवायला तीन दिवस उरले होते. यू-बूटमधून काउंटर वाचला, आकडा बरोबर आला. खूश होऊन लिनक्स सुरू केला आणि डेव्हमेम कमांडने तोच पत्ता वाचला. बोर्ड जागीच थिजला! एररचा संदेश नाही, कंट्रोल-सी नाही, काही नाही. वीज बंद करून पुन्हा चालू करणं एवढाच उपाय.

पहिली रात्र व्हेरिलॉग तपासण्यात गेली. त्यात चूक नव्हतीच. दुसऱ्या रात्री डोक्यात आलं: अरे, यू-बूटमध्ये चालतं म्हणजे लॉजिक ठीक आहे. मधे बदललं काय? तर लिनक्स आला!

पीएलला क्लॉक पीएसकडूनच जात होता. सुरू होताना शेवटी कर्नल बघतो, कुठले क्लॉक कुणी मागितलेले नाहीत, आणि ते वीज वाचवायला बंद करतो. माझ्या डिव्हाइस ट्रीमध्ये काउंटरची नोंदच नव्हती, म्हणून क्लॉक बेवारस ठरला. क्लॉक नाही म्हणजे लॉजिक उत्तर देत नाही. आणि या बसवर वेळ संपली म्हणून माघार घेण्याची सोय नाही. प्रोसेसर उत्तराची वाट बघत बसतो, कायमचा. चूक माझीच होती.

उपाय असे:

- तात्पुरता: बूटच्या पर्यायांमध्ये 'सीएलके इग्नोर अनयूज्ड' द्या (शब्द अंडरस्कोरने जोडून). कारण हेच होतं का, ते लगेच कळतं.
- पक्का: डिव्हाइस ट्रीमध्ये मॉड्यूलची नोंद करा, क्लॉक सांगा आणि ड्रायव्हरमधून तो चालू करा.
- ड्रायव्हर लिहायचा नसेल तर: यूआयओ वापरून रजिस्टर थेट प्रोग्राममध्ये आणता येतात. मात्र तेव्हा क्लॉक चालू ठेवायची सोय डिव्हाइस ट्रीच्या क्लॉक कंट्रोलरच्या नोंदीत वेगळी करा.

आणखी दोन खड्डे

इंटरप्ट: पीएलच्या पहिल्या इंटरप्टचा क्रमांक कागदपत्रांत ६१ आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये ३२ वजा करून २९ लिहावा लागतो. ६१ लिहिलात तर इंटरप्ट तुमच्यापर्यंत येणारच नाही.

चालू लिनक्समधून लॉजिक बदलणं: कर्नलचा एफपीजीए मॅनेजर हे करतो. पण मूळ कर्नलला झिंकसाठी व्हिवाडोची साधी बिट फाइल चालत नाही, बाइटचा क्रम उलटवलेली बिन फाइल लागते. आणि लॉजिक बदलत असताना जुन्या पत्त्यावर कुणी वाचत नाही ना, हे आधी बघा. नाहीतर पुन्हा तोच थिजलेला बोर्ड!

शेवटी

सुरुवात छोटी करा. आधी एकच रजिस्टर बनवा. ते यू-बूटमधून वाचा, मग लिनक्समधून, मग इंटरप्ट जोडा. प्रत्येक पायरीला एकच नवी गोष्ट घेतली की बिघाड कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं. माझं यंत्र तिसऱ्या दिवशी दुपारी फिरलं आणि एकही मोजणी चुकली नाही. झोप मात्र त्या रात्रीच मिळाली.